गुत्ता बंद, गल्ला चालू

डिसेंबर १९३१. व्याख्यानांच्या दौऱ्यावर अमेरिकेत आलेले विन्स्टन चर्चिल न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर टॅक्सीतून उतरले, इंग्लंडच्या सवयीने भलत्याच बाजूला बघत रस्ता ओलांडायला निघाले आणि मोटारीच्या धडकेत सापडले. डोक्याला खोक पडली, बरगड्यांना मार बसला. जिवावरचं थोडक्यात निभावलं. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, म्हणून २६ जानेवारी १९३२ रोजी त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. ओटो पिकहार्ट यांनी आपल्या लेटरहेडवर एक चिठ्ठी लिहून दिली. अपघातानंतर प्रकृती सावरण्यासाठी चर्चिलसाहेबांना मद्य घेणं आवश्यक आहे, विशेषतः जेवणाच्या वेळी; प्रमाण नेमकं सांगता येणार नाही, पण किमान २५० घनसेंटिमीटर तरी लागेल, असा तिचा मजकूर. आपल्या हिशेबात सांगायचं तर पुरती क्वार्टर आणि वर सत्तर मिलिलिटर. ही मात्रा दिवसाची की दर जेवणाची, ते डॉक्टरांनी मोघमच ठेवलं.

मुंबईकराला या चिठ्ठीचं फार नवल वाटू नये. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रात नाव बदलून आजही लागू आहे. त्यानुसार दारू प्यायची तर परवाना लागतो आणि तो मिळतो ‘आरोग्य राखण्यासाठी’. शनिवारी रात्री बारमध्ये बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो, हे विचारू नये. पण दोन्ही कायद्यांत एक मोठा फरक आहे. आपला कायदा पिणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवतो. अमेरिकेच्या अठराव्या घटनादुरुस्तीने मादक पेयं बनवणं, विकणं, वाहून नेणं, आयात करणं आणि निर्यात करणं यांवर बंदी घातली; पिण्याबद्दल तिच्यात अवाक्षर नाही. विकत घेण्याबद्दलही नाही.

याचा पहिला फायदा कोणाला झाला ते सांगायला नकोच. बंदी लागू झाली १७ जानेवारी १९२० ला. त्याआधी घेऊन ठेवलेली दारू स्वतःच्या घरात पिणं, पाहुण्यांना पाजणं पूर्ण कायदेशीर होतं. ज्यांच्याकडे पैसा आणि तळघर होतं, त्यांनी तळघरं भरली. न्यूयॉर्कच्या येल क्लबने तर चौदा वर्षं पुरेल एवढा साठा केला, असं सांगतात. बंदी टिकली तेरा वर्षं दहा महिने. देशात एवढा अचूक अंदाज दुसऱ्या कोणाचा नसेल.

कायदा असा अर्धवट का लिहिला? कारण तो लिहिणाऱ्यांच्या लेखी पिणारा हा शत्रू नव्हता. शत्रू होता गुत्ता. तिकडे त्याला ‘सलून’ म्हणत. आपल्याकडे सलून म्हटलं की फिरती खुर्ची, आरसा आणि मानेवरचा वस्तरा डोळ्यांपुढे येतो, म्हणून इथे गुत्ता हाच शब्द वापरतो.

अमेरिका पहिल्यापासून पिणारा देश. पश्चिमेकडच्या शेतकऱ्याला मका बाजारात न्यायचा तर रस्ते नव्हते. तोच मका गाळून व्हिस्की केली की घोड्याच्या पाठीवर कैक पट किमतीचा माल जाई. देशाचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन निवृत्तीनंतर माउंट व्हर्ननला मोठी भट्टी चालवत होते. १८३० च्या सुमाराला पंधरा वर्षांवरचा सरासरी अमेरिकन वर्षाला शुद्ध अल्कोहोलच्या हिशेबाने सात गॅलन, म्हणजे सव्वीस-सत्तावीस लिटर रिचवत होता. आजच्या जवळजवळ तिप्पट. चर्चमधून संयमाची चळवळ सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर. १८५१ मध्ये मेन राज्याने स्वतःपुरती दारूबंदी केलीसुद्धा.

गुत्ता हे प्रकरण त्यानंतर फोफावलं. जर्मन स्थलांतरितांबरोबर लागर बीअर आली, मोठे कारखाने आले आणि माल खपवण्यासाठी प्रत्येक कारखान्याला कोपऱ्याकोपऱ्यावर स्वतःचं दुकान हवंसं झालं. कारखानदार एखाद्याला हेरून त्याची लायसन्स फी भरी, लाकडी काउंटर आणि मागचा आरसा देई. बदल्यात त्याने फक्त याचीच बीअर विकायची. एकेका चौकात चार-चार गुत्ते झाले. मग गिऱ्हाईक ओढायला फुकट जेवण. पाच सेंटची बीअर घ्या आणि समोरच्या टेबलावरचं हवं तेवढं खा: हॅम, खारवलेला मासा, लोणच्यातली काकडी, प्रेत्झेल. सगळं खारट. चकण्याचं अर्थशास्त्र कुठल्याही देशात वेगळं नसतं. गुत्त्यातच मजुराचा पगाराचा चेक वटे, तिथेच नव्याने आलेल्या आयरिश-पोलिश माणसाला नोकरीचा पत्ता लागे, आणि निवडणुकीच्या दिवशी वॉर्डातली मतंही तिथेच मोजून विकली जात.

चेक तिथे वटे, ही गोष्ट घरी वाट बघणाऱ्या बाईच्या बाजूने पाहिली की पुढचा इतिहास कळतो. तिला मत नव्हतं, मालमत्तेवरचा हक्क जेमतेम होता आणि नवरा पिऊन मारत असेल तर दाद मागायला जागा नव्हती. १८७३-७४ च्या हिवाळ्यात ओहायोतल्या बायका गुत्त्यांसमोर बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. त्यातून १८७४ मध्ये बायकांची ख्रिस्ती संयम संघटना उभी राहिली आणि फ्रान्सिस विलर्ड यांच्या नेतृत्वाखाली ती देशातली स्त्रियांची फार मोठी संघटना झाली. महाराष्ट्रात गावोगावी बायकांनी मतदान करून ‘बाटली आडवी’ केली ती शंभर-सव्वाशे वर्षांनी, पण घरातलं कारण तेच होतं. अमेरिकेतल्या या बायकांमधली सर्वांत गाजलेली कॅरी नेशन. जवळजवळ सहा फूट उंच, पहिला नवरा दारूने गेलेला. कॅन्ससमध्ये १८८१ पासून दारूबंदी असूनही गुत्ते राजरोस चालू होते. तिचं म्हणणं सरळ होतं: जे दुकान कायद्याने अस्तित्वातच नाही ते फोडणं गुन्हा कसा होईल? १९०० पासून, आणि पुढे हातात कुऱ्हाड घेऊन, ती आरसे, पिंपं, बाटल्या फोडत सुटली. तुरुंगवारी आणि दंड व्हायचा तो होईच. दंडाची रक्कम ती छोट्या कुऱ्हाडीच्या पिना विकून उभी करी.

पण प्रार्थनेने आणि कुऱ्हाडीने राज्यघटना बदलत नसते. ते काम केलं वेन व्हीलर नावाच्या, चष्मा लावणाऱ्या, कारकुनासारख्या दिसणाऱ्या वकिलाने. लहानपणी शेतावरच्या एका झिंगलेल्या गड्याने आपल्या पायात गवताचा काटेरी दाताळा खुपसला होता, असं तो सांगे. १८९३ मध्ये ओहायोतल्या ओबर्लिन गावात स्थापन झालेल्या संघटनेचं नावच गुत्ताविरोधी होतं: अँटी-सलून लीग. व्हीलरने तिला एकच गोष्ट शिकवली. उमेदवार कुठल्या पक्षाचा, कामाचा की बिनकामाचा, स्वतः पितो की नाही, हे काही बघायचं नाही. सभागृहात बंदीच्या बाजूने हात वर करणार का, एवढंच विचारायचं. दोन्ही पक्षांत मतं जवळजवळ सारखी विभागलेली असली की दहा टक्क्यांचा एकजूट गठ्ठा कोणालाही पाडू शकतो. १९०५ मध्ये ओहायोच्या गव्हर्नरलाच त्याने घरी बसवलं. मग कोणालाही समजावून सांगायची वेळ आली नाही.

एक धोंड तरी उरलीच होती, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीची किल्ली तिथे आहे. दारूवरचा कर. यादवी युद्धापासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या उत्पन्नातला सुमारे तिसरा हिस्सा दारूवरच्या करातून येई. बीअरचे कारखानदार त्या भरवशावर निर्धास्त होते: आम्हाला बुडवाल तर तिजोरीत काय टाकाल? उत्तर १९१३ मध्ये मिळालं. सोळाव्या घटनादुरुस्तीने सरकारला आयकर लावायचा अधिकार दिला. बंदीवाल्यांनी या कराला मनापासून पाठिंबा दिला होता, तो काही श्रीमंतांवर राग म्हणून नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते वॉशिंग्टनला मोर्चा घेऊन थडकले आणि देशव्यापी बंदीची घटनादुरुस्ती मागितली.

उरलेलं महायुद्धाने केलं. १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली. पॅब्स्ट, श्लिट्झ, बुश ही कारखानदारांची नावं एका रात्रीत शत्रूची वाटू लागली. धान्य वाचवा ही हाक होतीच. डिसेंबर १९१७ मध्ये काँग्रेसने दुरुस्ती मंजूर केली. राज्यांना संमतीसाठी सात वर्षं दिली होती, त्यांनी तेरा महिन्यांत काम उरकलं. पहिलं मिसिसिपी, आवश्यक असलेलं छत्तिसावं नेब्रास्का, १६ जानेवारी १९१९. पुढे अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्यांनी होकार भरला. अंमलबजावणीचा जो कायदा आला त्याला मिनेसोटाचे खासदार व्होल्स्टेड यांचं नाव आहे. त्यात ‘मादक’ म्हणजे अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोल, अशी व्याख्या होती. बंदी व्हिस्कीवर येईल, बीअर-वाइन सुटेल अशा आशेवर असलेल्यांच्या पायाखालची वाळू सरकली. अध्यक्ष विल्सन यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने तो धुडकावला.

आणि मग एवढ्या मोठ्या देशावर लक्ष ठेवायला माणसं किती नेमली? सुरुवातीला दीड हजाराच्या आसपास. पगार तुटपुंजा, नेमणूक परीक्षेविना, वशिल्याने. लाच न घेणं परवडेल असा एजंट सापडणं अवघड होतं. म्हणूनच इझी आइन्स्टाइन आणि मो स्मिथ ही न्यूयॉर्कची जोडी इतकी गाजली. इझी पोस्टातला कारकून. उंची जेमतेम साडेपाच फूट, वजन शंभर किलोच्या घरात, अर्धा डझन भाषा अवगत. आपल्याकडे बघून हा पोलिसांपैकी असेल असं कोणाला वाटणार नाही, हीच आपली लायकी, असं त्याने मुलाखतीत सांगितलं आणि नोकरी मिळवली. पुराव्यासाठी विकलेली दारू जपून न्यायला हवी. इझीने जाकिटाच्या वरच्या खिशात एक छोटं नरसाळं शिवून घेतलं. त्याला रबरी नळी, नळी अस्तराच्या आतून खाली एका बाटलीत. पेला ओठाला लावायचा, बारवाल्याची नजर वळली की नरसाळ्यात रिकामा करायचा. कधी तो कबर खणणारा झाला, कधी मासे विकणारा, कधी व्हायोलिनवाला. एकदा त्याने आपण दारूबंदी खात्याचे आहोत असं खरंच सांगून पेला मागितला. बारवाला पोट धरून हसला आणि त्याने तो ओतला. नव्या गावात गेल्यावर दारू मिळायला किती वेळ लागतो याची इझी घड्याळ लावून नोंद ठेवी. विक्रम न्यू ऑर्लीन्सचा: पस्तीस सेकंद, स्टेशनाबाहेरच्या टॅक्सीवाल्याकडून. दोघांनी मिळून ४,९३२ जणांना पकडलं. नोव्हेंबर १९२५ मध्ये त्यांनाच कामावरून काढलं. पुढे दोघे आयुर्विमा विकत.

कायद्याने दारं बंद केली तशी तीन-चार खिडक्या मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या. गर्दी साहजिकच तिथे झाली. एक खिडकी डॉक्टरांची. सरकारी छापाच्या चिठ्ठीवर दहा दिवसांत अर्ध्या लिटरच्या आसपास व्हिस्की औषध म्हणून देता येई. चर्चिल यांची चिठ्ठी याच खिडकीतून आलेली. दुसरी धर्माची: चर्च आणि सिनेगॉगमधल्या विधींना लागणारी वाइन. अचानक पुष्कळ लोक धार्मिक झाले आणि कोणी न ऐकलेले रब्बाय उगवले. तिसरी खिडकी शेतकऱ्यांच्या मतांसाठी ठेवलेली: घरच्या वापराला फळांचा रस करून ठेवायची मुभा. रस फडताळात विसरला तर तो काय होतो, हे कायद्याने विचारलं नाही. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षबागायतदारांना वाटलं होतं आपण संपलो. घडलं उलटंच. भाव कित्येक पटींनी चढले, आगगाड्या भरभरून द्राक्षं शिकागो-न्यूयॉर्कला जाऊ लागली. प्रवासात टिकावी म्हणून नाजूक, चवदार जातींचे वेल उपटून जाड सालीच्या जाती लावल्या. कॅलिफोर्नियाच्या वाइनची चव पुढे कैक वर्षं बिघडली ती त्यामुळे. पुढे दाट केलेला द्राक्षरस, सुकवलेल्या द्राक्षांच्या विटा बाजारात आल्या. विटेबरोबर सक्त सूचना मिळे: ही पाण्यात विरघळवून फडताळात वीस दिवस ठेवू नये, वाइन होईल.

कायदा बारकाईने वाचून त्याचाच धंदा करणाऱ्यांत जॉर्ज रीमसला तोड नाही. शिकागोचा फौजदारी वकील. आपले अशील कोर्टात हजारोंचा दंड खिशातून नोटा काढून भरतात हे पाहून त्याने व्होल्स्टेड कायदा वाचायला घेतला. बंदीपूर्वीची व्हिस्की सीलबंद गोदामांत पडून होती आणि औषध कंपन्यांना ती परवान्यावर उचलता येई. गोदामं सिनसिनाटीच्या आसपास, म्हणून गडी तिथे राहायला गेला. त्याने भट्ट्या विकत घेतल्या, औषध कंपन्याही विकत घेतल्या, आणि स्वतःची व्हिस्की स्वतःलाच कायदेशीरपणे विकली. मग माल घेऊन निघालेले स्वतःचे ट्रक वाटेत स्वतःच्याच माणसांकडून लुटवले. कागदोपत्री दरोडा, प्रत्यक्षात डिलिव्हरी.

बाहेरून येणारा मालही काही कमी नव्हता. डेट्रॉइट नदीपलीकडे कॅनडा, हिवाळ्यात नदी गोठली की मोटारी बर्फावरून. पूर्व किनाऱ्यावर हद्दीबाहेर उभ्या जहाजांची रांगच लागे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ सेंट पिअर आणि मिकलाँ ही फ्रान्सची चिमुकली बेटं आहेत. तिथले कोळी मासेमारी सोडून गोदामं सांभाळू लागले. व्हिस्कीच्या लाकडी खोक्यांचा आवाज होतो आणि जागाही खूप लागते, म्हणून बाटल्या बाहेर काढून तागाच्या पोत्यांत भरत. उरलेल्या खोक्यांच्या फळ्यांनी लोकांनी घरं बांधली. एका घराला व्हिस्कीच्या छापावरून ‘व्हिला कटी सार्क’ असं नावच पडलं.

पोत्यातली ही काटकसर पेयाचं रूपही बदलत होती. चोरून न्यायचा माल लहान आणि जहाल हवा. बीअरचं पिंप अवजड, चार दिवसांत उतरणारं आणि पकडलं गेलं तरी मोल थोडं. तेवढ्याच जागेत जिन मावते कितीतरी पट पैशांची. म्हणून बीअर पिणारा देश कडक दारूकडे वळला. तीही कच्ची, घशाला ओरखडे काढणारी. चव झाकायला फळांचे रस, मध, आल्याची पेयं घालत. चोरट्या बारमध्ये नवं गिऱ्हाईकही आलं. गुत्त्याच्या झुलत्या दाराआड बाई सहसा जात नसे. आता दाराला भोक, भोकातून सांकेतिक शब्द, आत जॅझ आणि टेबलांवर स्त्री-पुरुष एकत्र. न्यूयॉर्कच्या ‘ट्वेंटीवन’ या अड्ड्याची दारू तर त्याच्या जागेत नव्हतीच. तळघरातल्या भिंतीत एक बारीक भोक होतं. त्यात मांस भाजायची लांब सळई विशिष्ट ठिकाणी घातली की अडीच टनांचा भिंतीचा तुकडा दरवाजासारखा सरके आणि शेजारच्या इमारतीखालचं कोठार उघडे. तुमच्या जागेत दारू आहे का, असं विचारलं तर मालक शपथेवर नाही म्हणू शकत.

हे सगळं ऐकायला मजेदार. ज्यांना ना येल क्लब ना ‘ट्वेंटीवन’, त्यांच्या पेल्यात काय होतं, ते वाचताना हसू मावळतं.

रंग, औषधं, वार्निश बनवायला अल्कोहोल लागतंच. ते पिऊ नये म्हणून त्यात विषारी द्रव्यं मिसळायची पद्धत बंदीच्या आधीपासून होती. बंदीत हे औद्योगिक अल्कोहोल चोरून शुद्ध करायचा धंदा उभा राहिला, तेव्हा सरकारने विषाचं प्रमाण वाढवलं. मुख्य विष मिथेनॉल. वासाला, चवीला दारूपासून ओळखू न येणारं. शरीरातलं जे एन्झाइम साध्या अल्कोहोलचा निचरा करतं, तेच मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड करतं आणि त्याचं मग फॉर्मिक ॲसिड होतं. ते डोळ्यांच्या मज्जातंतूंवर बसतं. आधी धूसर, मग अंधार, मग मृत्यू. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या बेलेव्ह्यू रुग्णालयात साठाहून जास्त माणसं आणली गेली, आठ दगावली. शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी या मृत्यूंची जबाबदारी जाहीरपणे सरकारवर टाकली. व्हीलरचं म्हणणं, हे पिणारा माणूस जाणूनबुजून आत्महत्या करतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती याच रसायनाने. विष तेच, मरणारेही त्याच थरातले.

१९३० मध्ये दक्षिणेतल्या गावांत माणसं विचित्र चालू लागली. पाऊल उचललं की पंजा लोंबायचा. आधी बोटं फरशीवर आपटायची, मग टाच. दुरून ऐकून ओळखता यावी अशी चाल. कारण होतं ‘जेक’, म्हणजे जमैकन आल्याचा अर्क. औषधाच्या दुकानात मिळणारी दोन औंसांची बाटली, आत सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल. ती प्यायला नकोशी वाटावी म्हणून तिच्यात आल्याचा कडवट गाळ ठरावीक प्रमाणात असलाच पाहिजे, असा सरकारी नियम होता. बोस्टनच्या दोघा उत्पादकांनी तपासणीला चकवायला गाळाऐवजी प्लास्टिक नरम करणारं एक रसायन घातलं. ते मज्जातंतू जाळणारं निघालं. हजारो माणसं, बहुतेक गरीब मजूर, कायमची पांगळी झाली. मुख्य आरोपी दोन वर्षांच्या तुरुंगवासावर सुटला. त्याच सुमारास मिशिगनमध्ये दहा मुलांच्या आईला थोडीशी दारू विकल्याबद्दल जन्मठेप झाली होती, कारण तो तिचा चौथा गुन्हा होता. कायदा कोणाच्या दारात जाऊन उभा राहतो हे बघायचं तर ही दोन प्रकरणं शेजारी ठेवावीत. स्थलांतरितांच्या आणि काळ्या लोकांच्या वस्त्यांत धाडी जास्त. काही भागांत तर कू क्लक्स क्लॅनचे लोकच दारूबंदीचे शिपाई म्हणून घरांत घुसत. इकडे वॉशिंग्टनमध्ये जॉर्ज कॅसिडी नावाचा गृहस्थ काँग्रेसच्या इमारतीतच खासदारांना बाटल्या पोचवत होता. पकडला गेला तेव्हा त्याच्या डोक्यावर हिरवी हॅट होती, म्हणून ‘हिरव्या हॅटवाला’ हे नाव पडलं. १९३० मध्ये त्याने वर्तमानपत्रात लेखमाला लिहून सांगितलं की पाचांतले चार खासदार पितात.

एवढं सगळं वाचून बंदी साफ फसली असं म्हणायचा मोह होतो. पण आकडे तसं म्हणू देत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत दारूचा खप बंदीपूर्वीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आला. नंतर तो वाढत साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत पोचला असा अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे, पण पूर्ववत झाला नाही. यकृत सडून होणारे मृत्यू कमी झाले, दारूने वेड लागून इस्पितळात येणारे घटले. पाच सेंटची बीअर नाहीशी झाल्यावर मजुराचं पिणं खरोखरच कमी झालं. ओहायोत बर्फात गुडघे टेकणाऱ्या बाईला काहीच मिळालं नाही, असं मी म्हणणार नाही. बंदी उठल्यावरही दरडोई पिणं जुन्या पातळीला जायला चाळीसेक वर्षं लागली.

धंदा मात्र नव्या मालकांकडे गेला. करार मोडला तर कोर्टात जाता येत नाही अशा धंद्यात वसुली बंदुकीनेच होते. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोच्या एका गॅरेजात सात जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि गोळ्या घातल्या. अल कपोनचं नाव घेतलं गेलं, सिद्ध झालं नाही. त्याच्यावर खुनाचा काय, दारूचाही खटला तडीस गेला नाही. त्याला पकडलं करबुडवेगिरीत. दारूबंदीचे खटले सांभाळणाऱ्या सहायक ॲटर्नी जनरल मेबल विलेब्रँट यांनी ही वाट आधीच करून ठेवली होती: १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की बेकायदा कमाईवरही आयकर लागतो. कपोनविरुद्धची वही सापडली ती जुगाराच्या अड्ड्यावरची. ऑक्टोबर १९३१ मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली. विलेब्रँटबाईंची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. सरकारी नोकरी सोडल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियाच्या द्राक्षरस कंपनीचं वकीलपत्र घेतलं. घरपोच पिंपात ठेवला की यथाकाल वाइन होणारा रस विकणाऱ्या कंपनीचं.

ज्या आयकरामुळे बंदी आणणं परवडलं, त्याच आयकराने ती घालवली. अतिश्रीमंत उद्योगपती, त्यांत पिएर द्यू पाँ अग्रणी, आधीपासून सांगत होते की दारू कायदेशीर करा, म्हणजे तिच्या करावर राज्य चालेल आणि आमच्यावरचा भार उतरेल. सामान्य माणसाने त्यांचं ऐकलं नसतं. पण पॉलीन सेबिन यांच्यासारखी बाई उभी राहिली तेव्हा चित्र पालटलं. रिपब्लिकन पक्षाच्या वरच्या वर्तुळातली, दोन मुलांची आई, आणि मुलांच्याच भल्यासाठी पूर्वी बंदीला पाठिंबा दिलेली. बायका म्हणजे बंदीच्या बाजूच्या, हा व्हीलरच्या लोकांचा हुकमी पत्ता तिने १९२९ मध्ये बंदीविरोधी महिला संघटना उभारून हिरावून घेतला. व्हीलर स्वतः १९२७ मध्येच वारला होता. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला, मंदी आली आणि तीन वर्षांत आयकराचं उत्पन्न निम्म्याच्याही खाली घसरलं. कोट्यवधी बेकार, तिजोरी रिकामी, आणि दारूच्या धंद्यातला सगळा पैसा गुंडांकडे. अठरावी दुरुस्ती रद्द होण्याची शक्यता किती, तर वॉशिंग्टन स्मारक शेपटीला बांधून चिमुकला हमिंगबर्ड मंगळावर पोचण्याइतकी, असं सिनेटर मॉरिस शेपर्ड १९३० मध्ये म्हणाले होते. पक्ष्याने तीन वर्षं घेतली.

७ एप्रिल १९३३ ला हलकी बीअर सुटली. ५ डिसेंबरला यूटा, मॉर्मन लोकांचं म्हणजे धर्मानेच दारू वर्ज्य मानणाऱ्यांचं राज्य, छत्तिसावं ठरलं आणि एकविसाव्या दुरुस्तीने अठरावी खोडली. अमेरिकेच्या घटनेतली पूर्णपणे रद्द झालेली दुरुस्ती आजवर हीच एक. पुढच्याच वर्षी केंद्राच्या उत्पन्नात सुमारे नऊ टक्के वाटा दारूच्या कराचा होता. कोरडं राहायचं की ओलं हे आता राज्यांवर सोपवलं. बंदीला सर्वांत आधी होकार देणारं मिसिसिपी १९६६ पर्यंत अडून बसलं. टेनेसीतल्या ज्या परगण्यात जॅक डॅनियल्स व्हिस्की गाळली जाते, तिथल्या बारमध्ये ती पुढे कित्येक दशकं पेल्यात मिळत नव्हती.

दारू परत आली तशी गुत्त्यांची जुनी घडी मात्र परत येऊ दिली नाही. कारखानदाराने दुकान बांधून घेऊ नये, फुकट जेवणाचं आमिष दाखवू नये, उभ्याने पिऊ नये, सोबत जेवण ठेवावं, असे नाना नियम राज्यांनी केले. बऱ्याच राज्यांत पाटीवर ‘सलून’ हा शब्द लिहायलाच बंदी आली. मालकांनी रंगारी बोलावले आणि पाट्यांवर टॅव्हर्न, ग्रिल, कॉकटेल लाउंज असं काहीबाही लिहून घेतलं. आत काउंटर तोच होता, मागे आरसाही.